डबीला मराठी येत नाही

आमच्या घरात सगळ्यात जास्त हिंदी आजी बोलते. हे ऐकून लोकांना हसू येतं. आजीचा जन्म खानापूर तालुक्यातला, लग्न होऊन ती आली बेळगावात वडगावला. बाजारात कानडी, घरात मराठी आणि देवापुढे दोन्ही, यात तिची ऐंशी वर्षं गेली. तिसऱ्या भाषेवाचून तिचं कधी अडलं नव्हतं. हिंदी तिच्या आयुष्यात आली ती दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीत, दादानं बेंगळुरूहून आणलेल्या डबीबरोबर.

‘डबी’ हे आजीनंच ठेवलेलं नाव. हाक मारताना कंपनीनं दिलेलं नावच घ्यावं लागतं, पण एरवी ती डबीच. लाडवाच्या डब्याएवढी, काळी, गोल. बोलायला लागली की वर निळसर दिवा फिरतो. आमच्या डबीला हिंदी आणि इंग्रजी समजतं, मराठी समजत नाही. त्यामुळे आजी पहाटे उठून पहिलं वाक्य हिंदीत बोलते, “टाइम कितना हुआ?” आणि डबीनं उत्तर दिलं की मराठीत म्हणते, “बरं ग बाई.”

डबी घरात आली ती हौस म्हणून नव्हे. आजीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण तिच्या डोळ्यांचा पडदाही खराब झालाय. समोर बघितलं की मधोमध धुरकट दिसतं, कडेचं तेवढं दिसतं. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसतं, काटे दिसत नाहीत. त्या दिवाळीच्या आधी एका रात्री बाथरूमला जाताना पॅसेजमधलं बटण तिला सापडलं नाही. चाचपडताना उंबऱ्याला पाय अडकून ती पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. तेवढे दिवस तिची वेणी मी घालायचे, आणि वेणी घालताना ती गप्प बसायची. तिला दुसऱ्याच्या हातून काही करून घ्यायची सवय नाही.

दादानं डबीबरोबर पॅसेजसाठी एक बल्बही आणला, डबीचं ऐकणारा. “बत्ती जलाओ” म्हटलं की लागतो. आजीनं पहिल्यांदा म्हटलं आणि दिवा लागला, तेव्हा तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. मग सकाळच्या बीपीच्या गोळीची आठवण आली, रात्रीच्या डोळ्यांतल्या थेंबांची आली. भीमसेन जोशींचे अभंग आले आणि त्यांचीच कानडी दासरपदंही. आजीला मराठी विठ्ठल आणि कानडी विठ्ठल वेगळे वाटत नाहीत. त्यामुळे डबी एकदा याचं आणि एकदा त्याचं लावते, हे तिला फार योग्य वाटायचं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला वाटेल की मी यंत्राच्या विरोधात आहे. मी तशी नाही. माझ्या आजीला त्या यंत्रानं अंधारातून हात धरून नेलंय.

गेल्या मे महिन्यात परीक्षा संपली आणि मी घरीच होते. डबीला आजीचं बोलणं मधूनमधून कळेनासं झालं होतं. आजी “दवा का याद करो” म्हणायची आणि डबी भलतंच गाणं लावायची. दादाचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तुझ्या मोबाइलमध्ये ॲप घालून दिलंय की. त्यात हिस्टरी आहे. तिला काय ऐकू गेलं ते लिहून येतं, बघ.”

मी बघितलं. एक लांबलचक यादी होती. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, डबीला जे ऐकू आलं असं वाटलं ते हिंदीत लिहिलेलं, आणि शेजारी एक बारीक त्रिकोण. तो दाबला की आवाज ऐकू येतो. खरा आवाज. आजीचा.

पहिली दहा मिनिटं मी पोट धरून हसत होते. आजीच्या हिंदीचं डबीनं काय काय करून ठेवलं होतं! मग हसू थांबलं. दोन वाजून दहा मिनिटं, “टाइम कितना हुआ”. दोन पंचावन्न, “टाइम कितना हुआ”. तीन चाळीस. चार वीस. आदल्या रात्रीही तसंच. त्याच्या आदल्या रात्रीही. मी खाली खाली जात राहिले. महिनाभर एकही रात्र सुटली नव्हती. आणि आजी रोज सकाळी आम्हाला सांगायची, “झोप काय, छान लागली की.”

त्याच यादीत एक ओळ दुपारची होती. चार-पाच हिंदी शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. हे काय म्हणून मी त्रिकोण दाबला. आवाज आजीचा नव्हता. शेजारच्या काकूंचा होता.

काकू दुपारी आजीजवळ येऊन बसतात. पावटे सोलायचे असोत की गहू निवडायचे, त्या आपलं ताट घेऊन आमच्याकडे येतात. आजीला त्या मावशी म्हणतात. त्या दिवशी बोलता बोलता त्यांच्या तोंडून डबीच्या नावासारखा काहीतरी शब्द गेला असणार. डबी जागी झाली आणि पुढची काही सेकंदं तिनं घेऊन ठेवली. काकू त्यांच्या घरातलं काहीतरी सांगत होत्या. रडत होत्या.

काय सांगत होत्या ते इथे लिहिणार नाही. लिहिलं तर डबीत आणि माझ्यात फरक काय राहिला? पण मी ऐकलं. ऐकून झाल्यावर ते न ऐकलेलं करता येत नाही. संध्याकाळी काकू दारात भेटल्या आणि म्हणाल्या, “काय ग, सुट्टी लागली?” माझ्यानं त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना.

हे कसं होतं ते मी नंतर वाचून काढलं. अशी यंत्रं दिवसभर सगळं रेकॉर्ड करत बसत नाहीत. आत एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला एकच काम असतं, आपलं नाव ओळखायचं. त्यासाठी माइक सतत चालू राहतो, पण नाव आलं नाही तर ऐकलेलं तिथल्या तिथे पुसलं जातं. नाव आलंसं वाटलं, की दिवा लागतो आणि पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकांकडे जातं. समजून घेण्याचं खरं काम बहुतेक करून तिकडेच होतं. गोची आहे ती त्या ‘वाटलं’ शब्दात. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी अशा यंत्रांसमोर तासन्‌तास टीव्ही मालिका लावून ठेवल्या होत्या. ती सतत रेकॉर्ड करतात असा पुरावा त्यांना सापडला नाही. पण नाव कुणी घेतलं नसताना ती चुकून जागी होतात, हे सापडलं. म्हणजे भीती वाटते तेवढं खरं नाही, आणि कंपन्या सांगतात तेवढं सोपंही नाही.

चुकून जागं होण्यातून काय होऊ शकतं याचं एक उदाहरण २०१८ सालचं आहे. अमेरिकेत पोर्टलंडमधल्या एका जोडप्याचं घरातलं बोलणं ॲमेझॉनच्या एकोनं रेकॉर्ड केलं आणि नवऱ्याच्या हाताखालच्या एका माणसाला पाठवून दिलं. कंपनीचं स्पष्टीकरण असं, की यंत्रानं मधल्या शब्दांना एकामागून एक हुकूम समजून घेतलं. आधी स्वतःचं नाव ऐकलं, मग ‘मेसेज पाठव’ ऐकलं, मग कुणाला ते ऐकलं. प्रत्येक पायरीला चूक.

पण माझ्या मनात जास्त राहिली ती दुसरी गोष्ट. २०१९ च्या जुलैत बेल्जियमच्या व्हीआरटी या वाहिनीच्या हाती गुगल असिस्टंटनं घेतलेली हजारावर रेकॉर्डिंग्ज लागली. त्यातली १५३ अशी होती, की यंत्राला कुणी मुद्दाम हाक मारलेलीच नव्हती. ही रेकॉर्डिंग्ज बाहेर आली ती ऐकायला नेमलेल्या माणसांकडून. गुगलनं तेव्हा मान्य केलं, की वेगवेगळ्या भाषांचे जाणकार एकूण रेकॉर्डिंग्जपैकी ०.२ टक्के तपासतात, कारण त्याशिवाय यंत्राला भाषा नीट शिकवता येत नाही. त्याच वर्षी ॲमेझॉन आणि ॲपलकडेही माणसं ऐकतात हे बाहेर आलं.

मी हे वाचलं आणि आमच्या घरातली एक समजूत आठवली. डबी आली तेव्हा आई थोडी बिचकली होती. आई पुढच्या खोलीत शिवण करते. बायका मापं द्यायला येतात, ब्लाउजच्या निमित्तानं मन मोकळं करतात. “हे सगळं ऐकत बसणार काय ते?” असं तिनं विचारलं, तेव्हा मीच म्हटलं होतं, “अग आई, तिला मराठी कुठं येतंय?” आणि आई निर्धास्त झाली. परदेशी पाहुणा समोर बसला असताना आपण मराठीत घरचं बोलून घेतो, तसंच झालं.

चूक तिथे होती. न समजणं म्हणजे न ऐकणं नव्हे. काकूंचं रडणं डबीला समजलं नव्हतं, म्हणून तर तिनं त्याची चार-पाच हिंदी शब्दांत वाट लावली. पण आवाज जसाच्या तसा राहिला होता. आणि बेल्जियममध्ये ज्यांचं बोलणं परक्या कानांवर गेलं, ते त्यांच्या भाषेमुळेच गेलं. यंत्राला त्यांची भाषा नीट यावी म्हणून.

आता माझी चूक सांगते.

त्याच रात्री जेवायला सगळे बसलो असताना मी म्हणाले, “आजी, तू रात्री झोपत नाहीस. दोन वाजता, तीन वाजता, चार वाजता जागी असतेस.” मला वाटलं होतं मी फार मोठं काम केलं. बाबा म्हणाले, “होय काय ग आई? मग सांगितलं नाहीस ते? डॉक्टरांकडे जाऊया की.” आजीनं घास ताटात ठेवला.

“तुला कुणी सांगितलं?” तिनं मला विचारलं.

“डबीनं,” मी म्हणाले. आणि हसले. हसायला नको होतं.

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी अभंग लागले नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, “राहू दे. डोकं दुखतंय.” तिसऱ्या दिवशीही नाहीत. वेळ ती आईला विचारायला लागली. गोळीची आठवण डबी आपणहून करायची तेवढीच.

चौथ्या रात्री भांडं पडल्याच्या आवाजानं मला जाग आली. उठून बघते तर पॅसेजमध्ये मिट्ट काळोख. आजी एक हात भिंतीला लावून उभी होती. पाण्याचा तांब्या पायाशी पडला होता आणि फरशीवर पाणी झालं होतं. मी पळत जाऊन तिला धरलं.

“आजी, बत्ती का नाही लावलीस?”

“लावली की लिहून ठेवणार,” ती म्हणाली. “सकाळी तू वाचणार. जेवताना सांगणार.”

मी तिला खाटेवर बसवलं. पाणी पुसलं. मनगट बघितलं, ठीक होतं. मग तिच्याजवळ बसले. बराच वेळानं ती बोलली. आवाजात राग नव्हता.

“झोप येत नाही हे मला काय ठाऊक नाही? सांगायचं असतं तर सांगितलं असतं की. तुझा बाबा सकाळी सहाला कामावर जातो. त्याला सांगितलं तर तोही जागा राहणार. म्हणून नाही सांगितलं. ते माझं मी ठरवलं होतं.”

ते माझं मी ठरवलं होतं. प्रायव्हसी या शब्दाला मराठीत खासगीपणा, गोपनीयता असे शब्द आहेत. पण त्याचा अर्थ मला त्या रात्री आजीच्या या वाक्यातून कळला. तिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. मुलाची झोप मोडू नये म्हणून तिनं आपली मोडलेली झोप झाकून ठेवली होती. मी ते झाकण काढलं आणि त्याला काळजी असं नाव दिलं.

आणि त्याची किंमत तिनं कशी भरली? ज्या अंधारात ती एकदा पडली होती, त्याच अंधारात परत चालून. सोय आणि खासगीपणा यांची तुलना करताना आपण सोय म्हणजे आळशीपणाची गोष्ट धरतो. बसल्या जागी पंखा लावणं वगैरे. आजीसाठी सोय म्हणजे मनगट शाबूत राहणं होतं. तरीही तिनं ती सोडली. कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय यापेक्षा तिला अंधार बरा वाटला.

मी कायद्यातही बघितलं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. त्या कायद्यात एक गोष्ट मला फार आवडली. माहिती घेण्यापूर्वी कंपनीनं जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. म्हणजे मराठीतही, कानडीतही. आमच्या डबीच्या अटी इंग्रजीत होत्या आणि ‘मान्य आहे’ हे बटण बेंगळुरूत बसून दादानं दाबलं होतं. आजीनं नाही, आईनं नाही, आणि काकूंचा तर प्रश्नच आला नाही.

त्याच कायद्यात दुसरी गोष्टही आहे. एखाद्या व्यक्तीनं स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा तिला लागू होत नाही. ते बरोबरच आहे, घराघरात सरकार कसं येणार? पण त्याचा अर्थ असा, की कंपनीनं आजीचा आवाज कसा वापरावा हे विचारायला कायदा येऊ शकतो. नातीनं तो ऐकावा की नाही, हे विचारायला कुणी येणार नाही. ते नातीलाच ठरवायला पाहिजे.

रविवारी दादाला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि आजीला मध्ये बसवलं. यावेळी तिच्याबद्दल तिच्यासमोरच बोललो. काय रेकॉर्ड होतं, कुठे जातं, कोण ऐकू शकतं, ते मराठीत सांगितलं. दादाला सुरुवातीला पटेना. तो म्हणाला, “अग, खिशातला फोन पण ऐकूच शकतो की. आणि आजी पुन्हा पडली तर? मी इथे तीनशे मैलांवर बसलोय. रात्री बत्ती लागली हे ॲपमध्ये दिसलं की मला बरं वाटतं.”

म्हणजे तोही बघत होता. मला ते तेव्हाच कळलं. मला त्याचा राग आला नाही. लांब राहणाऱ्या नातवाला आजीच्या पॅसेजमधला दिवा लागलेला दिसतो, यात प्रेम नाही असं मी कसं म्हणू? पण आजीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा एवढंच म्हणाले, “आमच्या फौंड्रीत कॅमेरा आहे. कामावर ठीक आहे, पगार घेतो. घरी आल्यावर बी तेच असलं तर घरी येऊन उपयोग काय?”

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. डबी जी जी कामं करते त्यांची यादी केली आणि प्रत्येकासमोर विचारलं, या कामाला कान लागतो काय? पॅसेजच्या दिव्याला लागत नाही. माणूस आला की आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा बाजारात मिळतो. त्याला इंटरनेट लागत नाही, माइक नसतो, तो काही लिहून ठेवत नाही. बाबांनी दुसऱ्याच दिवशी आणून बसवला. वेळ सांगायलाही कान लागत नाही. अंध व्यक्तींसाठी बटण दाबलं की वेळ बोलून दाखवणारं घड्याळ असतं, ते दादानं पाठवलं. आता रात्री दोन वाजता आजीनं बटण दाबलं तर ते फक्त आजीला आणि घड्याळाला माहीत. गोळ्यांची आठवण आणि अभंग राहिले. त्यासाठी डबी राहावी, असं आजीच म्हणाली. “गाण्यानं माझं काय वाईट केलंय?”

डबी मधल्या खोलीतून उचलून स्वयंपाकघराच्या फळीवर गेली. रेकॉर्डिंग साठवायचं नाही, असं सेटिंग दादानं केलं. माझ्या मोबाइलमधून मी ॲप काढून टाकलं. सेटिंगवर माझा पूर्ण विश्वास आहे असं नाही. ॲमेझॉननं काही उपकरणांवर आवाज कंपनीकडे न पाठवण्याचा पर्याय दिला होता, तो २८ मार्च २०२५ पासून बंद केला. लहान मुलांची रेकॉर्डिंग्ज जास्त काळ ठेवल्याबद्दल २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या खटल्यात त्याच कंपनीनं अडीच कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. म्हणून डबीच्या डोक्यावर माइक बंद करायचं जे बटण आहे, ते आजीच्या बोटाला ओळखीचं करून दिलं. शेजारी आईनं शिवणाचा एक मणी चिकटवला, म्हणजे चाचपून सापडतं.

जुनी यादी पुसायची राहिली होती. पुसताना हात अडखळला. त्यात एक रेकॉर्डिंग होतं. अभंग संपल्यावर आजी डबीला म्हणते, “शाब्बास ग. दमलीस? पाणी पी.” आजी ब्याऐंशीची आहे. हे ठेवावं, असं मला फार वाटलं. यावेळी मी विचारलं. आजी हसली. म्हणाली, “ते पुस. माझा आवाज पाहिजे तर माझ्यासमोर बस की. सांगते तुला काय पाहिजे ते.” मग मी मोबाइल समोर ठेवला आणि सांगितलं, आता चालू केलंय. तिनं पाऊण तास लहानपणचं सांगितलं, मध्ये दोन जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. डबीनं दीड वर्षात जे घेतलं नव्हतं ते आजीनं पाऊण तासात दिलं.

एक दिवस तिनं विचारलं, “ती मराठी कधी शिकणार?” हा प्रश्न आपल्या मंडळासाठीही आहे. यंत्राला मराठी यायची असेल तर मराठी माणसांचे आवाज लागणार, त्यात आपल्या बेळगावच्या ‘की’ आणि ‘काय की’चेही. ते मागून घेण्याचे मार्ग आहेत. मोझिला कॉमन व्हॉइसवर मराठी आहे, सरकारच्या भाषिणी प्रकल्पात ‘भाषादान’ आहे. समोर वाक्य येतं, आपण वाचतो, आवाज देतो. काय देतोय ते माहीत असतं. मी थोडी वाक्यं वाचली आहेत. ते दान आहे. काकूंच्या रडण्याचं जे झालं ते दान नव्हतं.

काकूंना कसं सांगायचं हा प्रश्न उरला होता. मी आजीला म्हटलं, मी जाऊन माफी मागते. आजी म्हणाली, “तू नको. तू ऐकलंस हे कळलं की तिला तुझ्यासमोर यायला लाज वाटेल. घर माझं, डबी माझी. मी सांगते.” तिनं सांगितलं. काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर काकू आमच्याकडे आल्या नाहीत. आठ दिवस झाले, दहा दिवस झाले. दुपारी आजी एकटीच शेंगा सोलत बसायची, दाराकडे कान लावून. वडगावात मागांचा खडखडाट दिवसभर असतो, त्यातूनही तिला काकूंच्या पैंजणाचा आवाज कळतो. ते दिवस मला फार जड गेले.

पंधराव्या दिवशी काकू ताट घेऊन आल्या. पण आत आल्या नाहीत. उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी विचारलं, “मावशी, झोपवलीसा काय तिला?”

आजी उठली. फळीपर्यंत गेली, चाचपून मणी शोधला, बटण दाबलं. डबीवर लाल दिवा लागला. तो आजीला कडेकडेनं दिसत असावा, कारण ती थोडी वाकडी मान करून क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली.

“झोपली ग,” ती म्हणाली. “ये.”

मी पुस्तक उचललं आणि माडीवर गेले.

(हा लेख आजीला वाचून दाखवला आहे. दोन ठिकाणी तिनं काट मारायला लावली. त्या दोन गोष्टी इथे नाहीत.)